पळालेला आरोपी परदेशातून आणतात कसा? प्रत्यार्पणाचे कागद, कोर्ट आणि कोठडी

मुद्देमाल

मल्ल्या, नीरव मोदी, चोक्सी यांच्यापैकी कुणाचीही बातमी आली की प्रतिसादांत दोनच सूर लागतात. एक, ‘सरकारची इच्छाच नाही’. दुसरा, ‘आता विमानात बसवलाच म्हणून समजा’. माणूस दुसऱ्या देशाच्या हद्दीत असतो आणि त्याला सोपवायचं की नाही हे तिथला न्यायाधीश ठरवतो, तिथे आपण फक्त अर्जदार असतो, हे दोन्ही बाजू विसरतात. अर्ज कसा लिहिलाय आणि सोबत कोणती वचनं दिलीत, यावर बहुतेक गाडं अडतं किंवा सुटतं. म्हणून हा धागा. राजकीय धुणी कृपया दुसरीकडे धुवावीत.

आपल्याकडचा कायदा म्हणजे प्रत्यार्पण अधिनियम, १९६२. त्यात १९९३ साली मोठी दुरुस्ती झाली. सुमारे पन्नास देशांशी आपले करार आहेत, आणखी काहींशी कराराविना ‘व्यवस्था’ आहे. करार नसला तरी मागणी करता येते, पण मग समोरच्या देशाच्या कायद्यावर आणि मर्जीवर भिस्त.

पहिली पायरी परदेशात नाही, आपल्याच कोर्टात असते. नुसत्या एफआयआरवर मागणी टिकत नाही. सर्वसाधारणपणे दोषारोपपत्र दाखल झालेलं हवं, कोर्टाने त्याची दखल घेतलेली हवी आणि अजामीनपात्र वॉरंट निघालेलं हवं. हे वॉरंट मूळ प्रतीत लागतं, त्यावर परतीची तारीख घातलेली नसावी (तारीख उलटली की कागद मेला), आणि ज्या कलमांखाली दखल घेतली तेवढीच कलमं त्यावर असावीत. कलमं जास्तीची घातली की पुढे नडतात, ते खाली कुणी तरी सांगेलच.

त्यानंतर गठ्ठा बांधायचा. न्यायदंडाधिकाऱ्यासमोर केलेलं स्वयंपूर्ण प्रतिज्ञापत्र, ज्यात प्रकरणाची हकीकत, कोणता आरोप कोणत्या साक्षीदाराच्या जबाबावर आणि कोणत्या कागदावर उभा आहे ते जागच्या जागी दाखवलेलं. आरोपीला खटल्यासाठी हजर करणं का गरजेचं आहे, याचा न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश. एफआयआर आणि दोषारोपपत्राच्या प्रमाणित प्रती. लागू कलमांचा शब्दशः मजकूर, शिक्षेसह. ओळखीचा पुरावा, म्हणजे छायाचित्र, बोटांचे ठसे, पासपोर्टचा तपशील. आणि या सगळ्याचं त्या देशाच्या भाषेत भाषांतर.

राज्य पोलिसांचं प्रकरण असेल तर गठ्ठा राज्याच्या गृह विभागातून केंद्राकडे जातो. शेवटी तो परराष्ट्र मंत्रालयाच्या सीपीव्ही (वाणिज्य दूतावास, पासपोर्ट, व्हिसा) विभागात पोचतो, तिथून दूतावासामार्फत समोरच्या सरकारकडे. पोलीस ठाण्याने परस्पर परदेशी पोलिसांना पत्र धाडलं तर त्याला प्रत्यार्पणाची मागणी म्हणत नाहीत.

प्रश्नचिन्ह

पण रेड कॉर्नर नोटीस निघाली की जगात कुठेही अटक होते ना? मग एवढा गठ्ठा कशाला?

कावळानाका

नाही होत. रेड नोटीस म्हणजे अटक वॉरंट नव्हे. ‘हा माणूस अमुक देशाला हवाय, सापडला तर कळवा आणि तुमच्या कायद्यात बसत असेल तर तात्पुरता अडकवा’ अशी ती विनंती. फ्रान्समधल्या ल्योंच्या इंटरपोल मुख्यालयातून ती निघते, आपल्याकडून सीबीआय अर्ज करते. काही देश नोटिशीवर अटक करतात, काही देशांत स्थानिक न्यायाधीशाचं वॉरंट निघाल्याशिवाय पोलीस हातही लावत नाहीत. ब्रिटन आणि अमेरिका दुसऱ्या गटात.

नोटिशीसाठीही किमान अटी आहेत. खटल्यासाठी हवा असेल तर गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा निदान दोन वर्षांची हवी, शिक्षा भोगायला हवा असेल तर निदान सहा महिने उरलेले हवेत. राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणात इंटरपोलला तिच्या घटनेच्या कलम ३ नुसार हात घालता येत नाही. आरोपी इंटरपोलच्या फाइल नियंत्रण आयोगाकडे दाद मागू शकतो. चोक्सीविरुद्धची २०१८ ची नोटीस अशीच यादीतून गेली, हे मार्च २०२३ मध्ये समोर आलं. आणि नोटीस नसतानाही एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियममध्ये त्याला अटक झाली, कारण भारताने थेट बेल्जियमकडे मागणी केली होती. नोटीस आणि मागणी या दोन वेगळ्या गाड्या आहेत, एक बंद पडली म्हणून दुसरी थांबत नाही.

घाई असेल तेव्हा ‘तात्पुरती अटक’ मागतात. थोडक्यात हकीकत, वॉरंट असल्याचं विधान, माणूस पळेल याचं कारण, एवढ्यावर ती मिळते. पण मग घड्याळ सुरू होतं. भारत-अमेरिका करारात पूर्ण कागद पोचवायला ६० दिवस आहेत. आपल्या कायद्यातही कलम ३४-ब मध्ये तेवढेच. तेवढ्यात गठ्ठा पोचला नाही तर माणूस सुटतो. म्हणून भाषांतर झालेला गठ्ठा तयार नसताना तात्पुरती अटक मागणं हा जुगार आहे.

दूरदेशी

दोन व्यावहारिक प्रश्न. चेक न वटल्याच्या केसमध्ये लंडनहून माणूस आणता येतो का? आणि ४९८-अ (नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ) मध्ये?

मुद्देमाल

दोन्हींचं उत्तर दुहेरी गुन्हेगारीत आहे. कृती दोन्ही देशांत गुन्हा हवी आणि दोन्हीकडे साधारण वर्षभराच्या कैदेला पात्र हवी. कलमाचं नाव जुळायची गरज नसते, कृती जुळावी लागते. आपल्याकडे ४२० (१ जुलै २०२४ नंतरच्या कृत्यांना भारतीय न्याय संहितेचं ३१८(४)), ब्रिटनमध्ये त्यालाच खोट्या निवेदनाने केलेली फसवणूक म्हणतात. जुळलं.

चेक न वटणं हा आपल्याकडे कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा. ब्रिटनमध्ये नुसता चेक परत जाणं गुन्हा नाही, ते दिवाणी देणं. खात्यात पैसे नाहीत हे माहीत असून फसवायच्या हेतूने दिला, असं दाखवता आलं तर गोष्ट फसवणुकीकडे सरकते. पण मग तक्रारच तशी हवी. १३८ च्या छापील तक्रारीवर काही होणार नाही.

४९८-अ मध्ये मारहाण, कोंडून ठेवणं, धमक्या असल्या तर तिकडे समांतर गुन्हे आहेत. जोडीदारावर सतत दडपण आणून नियंत्रण ठेवणं हाही तिथे २०१५ पासून गुन्हा आहे. पण ‘हुंडा कमी आणला म्हणून टोमणे’ एवढंच जबाबात असेल तर जुळणार नाही. अशा प्रकरणांत प्रत्यार्पणापेक्षा पासपोर्ट कायद्याच्या कलम १०(३) खाली पासपोर्ट जप्त करवणं आणि लुकआउट सर्क्युलर (विमानतळावर अडवायची सूचना) काढणं हे मार्ग जास्त वापरले जातात, आणि जास्त चालतात.

ताजं उदाहरण बेल्जियमचंच. अँटवर्पच्या अपील न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२५ ला चोक्सीचं प्रत्यार्पण मान्य करताना पुरावा नष्ट केल्याचा आरोप (भादंवि २०१) वगळला, कारण तिथल्या कायद्यात तो तसा गुन्हा नाही. फसवणूक, कट, भ्रष्टाचार हे आरोप राहिले. एखादं कलम गळालं म्हणजे मागणी फेटाळली असं नव्हे, पण त्या कलमाखाली इथे खटला चालवता येत नाही.

टेम्सकाठ

ब्रिटनबद्दल सविस्तर लिहितो, कारण आपली बरीचशी नामांकित मंडळी तिकडेच. करार १९९२ चा, पण प्रत्यक्ष प्रक्रिया ब्रिटनच्या २००३ च्या कायद्याने चालते. भारत त्या कायद्याच्या दुसऱ्या भागात येतो. अमेरिका, ऑस्ट्रेलियासारख्या काही देशांना तिथे प्रथमदर्शनी पुरावा दाखवावा लागत नाही, माहिती पुरते. भारताला तो दाखवावा लागतो. अर्धी लढाई इथेच आहे.

क्रम असा. मागणी ब्रिटिश गृह खात्याकडे जाते, ते कलम ७० खाली ती रीतसर आल्याचा दाखला देतात. वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट्स कोर्ट वॉरंट काढतं. अटक, बहुधा जामीन (मल्ल्याला मिळाला, नीरव मोदीला वारंवार मागूनही नाही). मग सुनावणी. कोर्टात भारताची बाजू तिथली सरकारी अभियोग सेवा मांडते, आपले सीबीआयवाले मागच्या बाकावर कागद पुरवायला. जिल्हा न्यायाधीश एकामागून एक दारं तपासतात: कागद पूर्ण आहेत का, हाच तो माणूस का, गुन्हा प्रत्यार्पणयोग्य आहे का, काही आडकाठी आहे का (त्याच गुन्ह्यासाठी आधी खटला, धर्म-वंश-राजकीय मतामुळे छळ, फार काळ लोटणं, खटला ब्रिटनमध्येच चालवणं योग्य असणं), प्रथमदर्शनी पुरावा आहे का, मानवी हक्कांचा भंग होईल का, आणि प्रकृती इतकी बिघडलेली आहे का की पाठवणं जुलूम ठरेल. सगळ्यांतून पार झालं तर प्रकरण गृहमंत्र्यांकडे.

गृहमंत्र्यांच्या हातात फार थोडं असतं. मृत्युदंडाची शक्यता, ज्या गुन्ह्यासाठी मागितला त्यापलीकडे खटला न चालवण्याची हमी, आधी दुसऱ्या देशाकडून आणलेला असणं, अशा मोजक्या गोष्टी. मुदत दोन महिन्यांची. ‘मैत्रीखातर सही करा’ असं दिल्लीने म्हणून उपयोग नसतो. नंतर १४ दिवसांत उच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागायची. सगळं संपल्यावर २८ दिवसांत रवानगी.

मल्ल्याच्या तारखा यात बसवून बघा. अटक १८ एप्रिल २०१७, मॅजिस्ट्रेट कोर्टाचा निकाल १० डिसेंबर २०१८, गृहमंत्री साजिद जाविद यांची सही फेब्रुवारी २०१९, उच्च न्यायालयाने अपील फेटाळलं २० एप्रिल २०२०, सर्वोच्च न्यायालयात जायची परवानगी नाकारली १४ मे २०२०. म्हणजे तीन वर्षांत कोर्टाचा रस्ता संपला. त्यानंतर ब्रिटिश सरकारने ‘एक गोपनीय कायदेशीर बाब शिल्लक आहे’ एवढंच सांगितलं.

यात एक वर्ष तर कागदांच्या अव्यवस्थेत गेलं म्हणायला हरकत नाही. मार्च २०१८ मध्ये न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांनी भर कोर्टात म्हटलं होतं की पुराव्याचे तुकडे जिगसॉसारखे जुळवावे लागताहेत. गठ्ठे प्रचंड, त्याच कागदाच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी, अनुक्रमणिका कामाची नाही. आपल्या कोर्टांना हजारो पानांचं दोषारोपपत्र अंगवळणी पडलंय. तिकडच्या न्यायाधीशाला तीस पानांत कोणत्या तारखेला कोणत्या बँकेला काय खोटं सांगितलं आणि ते खोटं कशावरून, एवढं हवं असतं.

साक्षीदारांच्या जबाबांचंही तसंच. ब्रिटिश कायद्याचं कलम ८४ पोलिसांसमोरचा लेखी जबाब पुरावा म्हणून बघायची मुभा देतं, त्यामुळे आपले १६१ चे जबाब (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८०) चालतात. पण पाच बँक अधिकाऱ्यांचे जबाब स्वल्पविरामासकट सारखे असले की बचावाचे वकील तेच शेजारी शेजारी ठेवून दाखवतात. मल्ल्या प्रकरणात हा मुद्दा निघाला होता. मागणी त्यावर पडली नाही, वेळ मात्र खाल्ला.

बाराभाई

+१. संगीतकार नदीम सैफीचं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. गुलशन कुमार खून, १९९७. मॅजिस्ट्रेटने प्रत्यार्पणाला हिरवा कंदील दिला होता, पण डिसेंबर २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तो रद्द केला. सगळी भिस्त माफीच्या साक्षीदारावर होती आणि त्याने जबाब फिरवला होता. आरोप चांगल्या हेतूने केलेला नाही, इथपर्यंत कोर्ट गेलं. एकाच माणसाच्या तोंडावर उभी केलेली मागणी परदेशात फार हलकी पडते. टेलिफोनच्या नोंदी, बँकेचे व्यवहार, प्रवासाचे शिक्के, असं कोरडं काही तरी जोडीला लागतं.

शेवंती

आर्थर रोडच्या कोठडीचा व्हिडिओ मागितला होता, ते खरं का? का बातमीदारांची पतंगबाजी?

टेम्सकाठ

खरं आहे. जुलै २०१८ मध्ये कोर्टाने बराक क्रमांक १२ चं चित्रीकरण मागवलं. बचावाचं म्हणणं होतं की कोठडीत सूर्यप्रकाश येत नाही. त्यामुळे न्यायाधीशांना भर दिवसाचा, दिवे न लावलेला व्हिडिओ हवा होता.

हे लाड नव्हेत. युरोपीय मानवी हक्क कराराचं कलम ३ म्हणतं, कुणालाही अमानुष वागणूक देता येणार नाही, आणि १९८९ च्या सोरिंग निकालापासून जिथे अशी वागणूक होईल तिथे पाठवताही येत नाही. त्यामुळे आपल्या तुरुंगाची लांबी-रुंदी, खिडकी, संडास, पंखा, डॉक्टर किती अंतरावर, बराकीत माणसं किती, हे सगळं पुरावा ठरतं. भारत मग लेखी हमी देतो. चोक्सीसाठी बेल्जियमला दिलेल्या हमीत तोच बराक १२ आणि सामानसुमान वगळून माणशी किमान ३ चौरस मीटर मोकळी जागा, असं नमूद होतं. ३ चौरस मीटर हा सामायिक कोठडीसाठी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने धरलेला किमान आकडा.

हमी लिहिताना तीन चुका होतात. ‘भारतीय कायद्यानुसार सर्व सुविधा दिल्या जातील’ असं मोघम लिहिणं. ज्याच्या हातात तुरुंग नाही त्याची सही घेणं, कारण तुरुंग राज्याच्या अखत्यारीत, तर वचन केंद्राचं, म्हणून राज्याच्या गृह विभागाचं पत्र सोबत हवंच. आणि एकाच तुरुंगाची हमी देऊन पोलीस कोठडीबद्दल गप्प राहणं. कोर्ट विचारतं, चौकशीच्या काळात कुठे ठेवणार?

कावळानाका

तिहारच्या दोन केसेस शेजारी ठेवल्या की हमीची किंमत कळते. क्रिकेट सामनेनिश्चितीतला आरोपी संजीव चावला. ऑक्टोबर २०१७ मध्ये मॅजिस्ट्रेटने तिहारच्या अवस्थेवरून नकार दिला, २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने नव्याने नेमकी हमी घेतली, फेब्रुवारी २०२० मध्ये माणूस दिल्लीत. उलट शस्त्रास्त्र दलाल संजय भंडारीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२५ ला त्याला मुक्त केलं. तिहारमध्ये इतर कैद्यांकडून किंवा कर्मचाऱ्यांकडून खंडणी आणि मारहाणीचा खरा धोका आहे असं धरलं, शिवाय काळ्या पैशाच्या कायद्यात निर्दोषत्व सिद्ध करायचा भार आरोपीवर टाकलाय तोही आड आला. दुसरा मुद्दा हमीने सुटणारा नव्हताच, तो कायद्याच्या मसुद्यातला आहे.

डेन्मार्कचं किम डेव्ही प्रकरण तर याच खडकावर दोनदा आपटलं. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात विमानातून शस्त्रं टाकली डिसेंबर १९९५ मध्ये, त्यातला हा आरोपी. डॅनिश कोर्टांनी २०११ ला नकार दिला, नवी मागणी, नव्या हम्या, तरी २०२४ मध्ये पुन्हा नकार. छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारताने सही केलीय पण अजून अनुसमर्थन दिलेलं नाही, हे बचावाचे वकील प्रत्येक वेळी काढतात.

गोंयकार

पोर्तुगालचं मी लिहितो. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनला सापडला. तेव्हा भारत-पोर्तुगाल द्विपक्षीय करार नव्हता, तो २००७ ला झाला. मागणी बॉम्बस्फोटविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या आणि परस्परतेच्या आधारावर गेली. पोर्तुगालमध्ये मृत्युदंडही नाही आणि जन्मठेपही नाही. म्हणून १७ डिसेंबर २००२ ला तत्कालीन उपपंतप्रधान अडवाणी यांच्या सहीने वचन गेलं: फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. माणूस ११ नोव्हेंबर २००५ ला भारतात आला.

इथे आल्यावर तपास यंत्रणांनी आणखी काही कलमं लावली, जी मागणीत नव्हती. याला आडवं येतं ते विशिष्टतेचं तत्त्व, आपल्या कायद्यातलं कलम २१. ज्या गुन्ह्यासाठी आणला त्यासाठी, किंवा त्याच वस्तुस्थितीतून सिद्ध होणाऱ्या कमी गंभीर गुन्ह्यासाठी, किंवा त्या देशाची संमती घेतलेल्या गुन्ह्यासाठीच खटला चालवता येतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये जादा कलमं चालतील म्हटलं, लिस्बनच्या कोर्टाने २०११ मध्ये प्रत्यार्पणच रद्द ठरवलं. माणूस इथे असल्याने परत द्यावा लागला नाही, पण पुढची प्रत्येक मागणी पोर्तुगालने संशयाने बघितली असती. अखेर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ती कलमं मागे घेतली.

शिक्षेचा प्रश्न २०२२ पर्यंत लोंबकळला. टाडा कोर्टाने २०१७ ला जन्मठेपच दिली, कारण वचन सरकारचं, कोर्टाचं नव्हे. ११ जुलै २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २५ वर्षं पुरी झाल्यावर केंद्राने राष्ट्रपतींना तसा सल्ला द्यायलाच हवा. मोजणी १२ ऑक्टोबर २००५ पासून. पोर्तुगालमध्ये बनावट पासपोर्टच्या गुन्ह्यात काढलेला काळ त्यात धरायला नकार दिला.

वॉरंटवर फक्त दखल घेतलेली कलमं हवीत असं मुद्देमाल वर का म्हणाले, ते आता लक्षात आलं असेल. विसरलेलं कलम नंतर घालायचं तर त्या देशाची वेगळी संमती मागावी लागते. म्हणून गठ्ठा बांधतानाच सगळे पाय मोजून घ्यायचे.

बाराभाई

अमेरिकेचा रस्ता वेगळा. करार १९९७ चा, अंमल १९९९ पासून. तिथे न्याय खात्याचे वकील भारतातर्फे उभे राहतात, मॅजिस्ट्रेट न्यायाधीश ‘संभाव्य कारण’ एवढंच तपासतो आणि प्रमाणपत्र देतो. त्यावर थेट अपील नाही, फक्त देहोपस्थितीची (हेबियस कॉर्पस) याचिका, आणि तिच्यावर अपील. तुरुंग कसा आहे, खटला न्याय्य होईल का, हे प्रश्न अमेरिकी कोर्टं साधारणपणे परराष्ट्रमंत्र्यांवर सोडतात. म्हणून तिथे बराकीचे व्हिडिओ कुणी मागत नाही.

तहव्वूर राणाची लढाई वेगळ्याच जागी झाली. शिकागोच्या ज्यूरीने २०११ ला त्याला मुंबई हल्ल्याच्या कटाच्या आरोपातून सोडलं होतं, लष्कर-ए-तैयबाला मदत आणि डेन्मार्कमधल्या कटासाठी दोषी धरलं होतं. कराराचं कलम ६ म्हणतं, ज्या गुन्ह्यात तिथे निकाल लागलाय त्यासाठी पाठवता येणार नाही. राणाचं म्हणणं, कृती तीच आहे. सरकारचं म्हणणं, ‘गुन्हा’ म्हणजे त्याचे घटक; भारतातली देशाविरुद्ध युद्ध पुकारणं, खून, बनावट कागदपत्रं या गुन्ह्यांचे घटक वेगळे आहेत. मे २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या मॅजिस्ट्रेटने, ऑगस्ट २०२४ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सरकारचं मान्य केलं. २१ जानेवारी २०२५ ला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने याचिका नाकारली आणि १० एप्रिलला राणा दिल्लीत उतरला.

मुंबई हल्ल्यासाठी टेहळणी करणारा हेडली का नाही, हा पुढचा प्रश्न येणारच. त्याने गुन्हा कबूल करून साक्ष द्यायचा सौदा केला, त्या सौद्यातच ‘भारताला सोपवणार नाही’ अशी अट आहे.

प्रश्नचिन्ह

आणि छोटा राजन? त्याच्या वेळी तर दोन आठवड्यांत काम झालं.

कावळानाका

ते प्रत्यार्पण नव्हतं, हद्दपारी होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये बालीत पकडला, खोट्या नावाच्या पासपोर्टवर होता, इंडोनेशियाने परकीय नागरिक म्हणून बाहेर काढला, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिल्लीत. हद्दपारीत दुहेरी गुन्हेगारी नाही, प्रथमदर्शनी पुरावा नाही, विशिष्टतेचं बंधनही नाही. यंत्रणांना ती म्हणूनच आवडते. पण ती सर्वस्वी त्या देशाची मर्जी.

मल्ल्याच्या वेळी हाच डाव टाकून बघितला होता. एप्रिल २०१६ मध्ये पासपोर्ट रद्द केला आणि हद्दपार करा म्हटलं. ब्रिटनचं उत्तर आलं, १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार राहायची परवानगी देताना पासपोर्ट वैध होता, एवढं पुरे. म्हणजे पुन्हा प्रत्यार्पणाच्या रांगेत.

जुनीपाने

थोडं अवांतर, पण विषयातलंच. सावरकरांना जुलै १९१० मध्ये लंडनहून मुंबईला आणत होते ते १८८१ च्या फरारी गुन्हेगार कायद्याखाली, म्हणजे साम्राज्यातल्या एका भागातून दुसऱ्या भागात पाठवणी. ‘मोरिया’ बोट मार्सेयला लागली, ८ जुलैला ते उडी टाकून किनाऱ्यावर पोचले आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पुन्हा बोटीवर दिलं. फ्रान्सचा आक्षेप असा की आमच्या भूमीवर पोचलेला माणूस प्रत्यार्पणाची प्रक्रिया न करता नेला. हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ ला ठरवलं: अनियमितता झाली, पण त्यापायी कैदी परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. उडीवर आपण एवढं बोलतो, हा निकाल आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकांत अजून शिकवतात हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आजही विमान तिसऱ्या देशात उतरणार असेल तर त्या देशाची पारगमन परवानगी आधी घेतात. थेट विमान असलं तर उत्तमच.

दूरदेशी

उलट दिशेने, म्हणजे परदेशाने इथला माणूस मागितला तर?

मुद्देमाल

मागणी परराष्ट्र मंत्रालयाकडे येते. मंत्रालय कलम ५ खाली न्यायदंडाधिकाऱ्याला चौकशीचा आदेश देतं, ही चौकशी बहुधा दिल्लीत पतियाळा हाउस कोर्टात चालते. प्रथमदर्शनी प्रकरण दिसलं तर माणसाला कोठडीत ठेवून अहवाल केंद्राकडे. शेवटचा निर्णय केंद्राचा. न्यायदंडाधिकाऱ्याने कोठडीत धाडल्यापासून निदान १५ दिवस थांबावं लागतं, त्या काळात उच्च न्यायालयात रिट करता येते. दोन महिन्यांत नेलाच नाही तर तो सुटका मागू शकतो. स्वतःचा नागरिक असला तरी अमेरिका, ब्रिटनला आपण देतो. संयुक्त अरब अमिरातीच्या करारात मात्र आपापले नागरिक न देण्याची तरतूद आहे, पण मग आपल्याच देशात खटला चालवायचा.

शेवंती

आणि माणूस आलाच नाही तर खटला तसाच धूळ खात पडणार?

टेम्सकाठ

दोन हत्यारं आहेत. एक, फरारी आर्थिक गुन्हेगार कायदा, २०१८. गुन्ह्याची रक्कम १०० कोटी किंवा जास्त आणि माणूस खटला टाळायला बाहेर, तर मालमत्ता जप्त. मुंबईच्या विशेष कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये मल्ल्याला पहिल्यांदा तसं जाहीर केलं, डिसेंबरात नीरव मोदीला. दुसरं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५६: दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यातल्या उद्घोषित (कोर्टाने जाहीर केलेल्या) फरारीवर त्याच्या गैरहजेरीत खटला. त्याआधी निदान ३० दिवसांच्या अंतराने दोन वॉरंटं, वृत्तपत्रात नोटीस, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं, शेवटच्या माहीत असलेल्या घरावर नोटीस चिकटवणं, आणि आरोप ठेवल्यापासून ९० दिवस थांबणं.

पण जपून. गैरहजेरीत शिक्षा झालेला माणूस मागितला की ब्रिटिश कोर्ट कलम ८५ काढतं: तो मुद्दाम गैरहजर राहिला होता का? नसेल तर पुन्हा खटला मिळण्याचा हक्क आहे का? ३५६ मध्ये तसा सरळ हक्क नाही. त्याखाली अपील करायचं तर हजर व्हावं लागतं, तेही शिक्षेपासून तीन वर्षांच्या आत. म्हणून खटल्याची त्याला माहिती होती हे सिद्ध करणारे कागद आधीपासून फाइलला लावून ठेवायचे: नोटीस चिकटवल्याचा पंचनामा छायाचित्रासह, वृत्तपत्राचं ते पान, ईमेल पोचल्याची नोंद, आणि त्याच्या वकिलाने इथल्या कोर्टात दाखल केलेलं वकीलपत्र. हे शेवटचं सगळ्यात भारी, कारण ज्याने वकील दिला त्याला ‘मला ठाऊकच नव्हतं’ म्हणता येत नाही.